वसाहतकाळातील 'विकासकार्य' आणि नंतरची परदेशी मदत यांत फरक होता का?

आपण विचारले आहे की, आफ्रिकेत राज्य करताना ब्रिटिशांनी केलेले 'विकासकार्य' आणि वसाहती स्वतंत्र झाल्यावर तेथे आलेली परदेशी मदत यांत खरोखर काही फरक होता की केवळ पाट्या बदलल्या. आणि अशा कामात वर्षे घालवलेल्या माणसाला आज काय वाटते. मी 1980 च्या दशकात दक्षिण टांझानियातील ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पावर चार वर्षे अभियंता होतो. पैसा एका युरोपीय देशाचा होता आणि मी भारतातून गेलेला होतो. त्यामुळे जे सांगतो ते टांझानियापुरते समजावे.

पाट्याच बदलल्या, असे म्हणायला आधार भरपूर आहे. ब्रिटनने वसाहतींच्या विकासासाठी 1929 मध्ये पहिला स्वतंत्र कायदा केला, तेव्हा वसाहतींतील शेती व उद्योग वाढवून त्यायोगे ब्रिटनचा व्यापार व उद्योग वाढवावा, हा हेतू कायद्याच्या मजकुरातच लिहिलेला होता. वर्षाला जास्तीत जास्त 10 लाख पौंड आणि नजर मायदेशातील बेकारीवर. 1940 च्या कायद्यात 'कल्याण' हा शब्द आला, तोही वेस्ट इंडिजमधील 1930 च्या दशकातील दंगलींनंतर. मदतीच्या पैशातून मदत देणाऱ्याचाच माल घ्यावा ही अट पुढे कितीतरी वर्षे टिकली; ब्रिटनने ती अधिकृतपणे सोडली ती थेट 2001 मध्ये. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ज्या वर्षांत लंडन 'कल्याणा'चा पैसा पाठवत होते, त्याच वर्षांत वसाहतींनी कोको, कापूस विकून मिळवलेली गंगाजळी लंडनमध्ये कमी व्याजावर पडून होती आणि ती रक्कम आलेल्या मदतीपेक्षा कितीतरी मोठी होती. हिशेबाच्या भाषेत पाहिले, तर कर्ज कोण कोणाला देत होते हा प्रश्नच आहे.

या काळातील प्रसिद्ध फसगत म्हणजे टांगानिकाची, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाची, भुईमूग योजना. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तेला-चरबीची टंचाई होती आणि मार्गारीन रेशनवर मिळत असे. युनिलिव्हरच्या एका उपकंपनीचे प्रमुख फ्रँक सॅम्युअल यांनी 1946 मध्ये कल्पना मांडली, जॉन वेकफील्ड यांच्या पथकाने काही आठवड्यांत, बराचसा विमानातून, मुलूख पाहिला आणि अन्नमंत्री जॉन स्ट्रेची यांच्या काळात सुमारे 32 लाख एकरांवर भुईमूग पिकवण्याची, अडीच कोटी पौंडांची योजना मंजूर झाली. काँग्वा येथील झुडपांची मुळे नांगरांची पाती मोडत होती, म्हणून शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून आणले गेले. जंगल साफ झाले तेथील चिकणमाती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होई आणि भुईमुगाच्या शेंगा तर जमिनीतून काढाव्या लागतात. पाऊस भरवशाचा नव्हता. काँग्वा ज्या उगोगो प्रदेशात आहे तेथील गोगो लोकांच्या आठवणीत दुष्काळांची मालिकाच होती, पण या कामात त्यांना मजूर म्हणून जागा होती, जाणकार म्हणून नव्हती. 1951 च्या जानेवारीत योजना गुंडाळली गेली, तेव्हा 3 कोटी 60 लाख पौंडांहून अधिक रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. (त्याच काँग्वात 1960 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यातील तरुणांचे लष्करी तळ उभे राहिले. ब्रिटिश अन्नखात्याच्या पैशाचा इतका चांगला उपयोग कोणी योजला नसेल.)

या हकिकतीतून बहुतेक जण 'स्थानिक ज्ञानाकडे दुर्लक्ष' एवढाच धडा काढतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की, योजना अखेर थांबली कशामुळे? गोगो शेतकऱ्याला नकोशी झाली म्हणून नव्हे, तर ब्रिटिश करदात्याला झेपेना म्हणून. बंद करण्याचा निर्णय लंडनमध्ये झाला, जसा सुरू करण्याचा झाला होता. ज्यांच्या जमिनीवर काम चालले होते त्यांच्या हातात एकच साधन होते आणि ते टांगानिकातल्याच उलुगुरू डोंगरात दिसले. जमिनीची धूप थांबवण्यासाठी तेथे प्रत्येकाकडून सक्तीने डोंगरउतारावर पायऱ्या खणून घेतल्या जात. 1955 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि योजना बासनात गेली. हेतू वाईट नव्हता, माती खरोखरच वाहून जात होती. पण नकार देण्याचा मार्ग दंगलीतूनच जात होता.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, फरक होता आणि तो पैशात, हेतूत किंवा माणसांत शोधू नये. माणसे तर पुष्कळदा तीच होती. डिसेंबर 1961 मध्ये टांगानिका स्वतंत्र झाले, तेव्हा ब्रिटनने त्याच वर्षी सुरू केलेल्या योजनेतून अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा वरचा भार उचलला आणि काल जिल्ह्यावर हुकूम चालवणारा गृहस्थ आज त्याच खुर्चीत सल्लागार म्हणून बसला. फरक पडला तो काम थांबवण्याच्या अधिकारात. 1965 मध्ये पूर्व जर्मनीशी संबंध ठेवल्याबद्दल पश्चिम जर्मनीने लष्करी मदत काढून घेतली, तेव्हा टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी उरलेली मदतही घेऊन जा असे सुनावले. त्याच वर्षी ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीच्या प्रश्नावर त्यांनी ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले आणि 75 लाख पौंडांचे कर्ज अडकले तरी माघार घेतली नाही. टांगानिकाचा कोणताही गव्हर्नर हे करू शकला नसता.

मात्र हा अधिकार लंडनहून निघाला तो दार-एस-सलाम या तेव्हाच्या राजधानीपर्यंत येऊन थांबला, खेड्यापर्यंत पोहोचला नाही. देणग्या आणि कर्जे आपले स्वातंत्र्य धोक्यात आणतील, असे न्येरेरे यांच्या पक्षाच्या 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यात बजावलेले आहे. तरीही पुढच्या दशकात टांझानिया परदेशी मदत घेणाऱ्या आफ्रिकी देशांच्या अगदी पुढच्या रांगेत होता. 1973 नंतर लाखो लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून, अनेक ठिकाणी बळजबरीने, नियोजित गावांत नेऊन बसवले, ते तर स्वतःच्याच सरकारने. पाण्याच्या बाबतीत 1991 पर्यंत प्रत्येक गावाला जवळ पाणी देण्याचा वीस वर्षांचा कार्यक्रम आखला गेला आणि देणाऱ्या देशांनी प्रदेश वाटून घेतले: म्त्वारा-लिंडी फिनलंडकडे, व्हिक्टोरिया सरोवराकाठचे प्रदेश स्वीडनकडे, इरिंगा आणि म्बेया डेन्मार्ककडे. प्रत्येकाची पद्धत निराळी आणि सुट्या भागांचे माप निराळे. म्त्वारा हे बंदर मुळात भुईमूग निर्यातीसाठी बांधलेले होते, हे मला तेथे गेल्यावर कळले.

स्वाहिलीत मदत देणाऱ्यांना 'वफाधिली' म्हणतात. आपल्या 'फजल' शब्दाचे अरबी मूळ तेच. म्हणजे कृपा करणारे. कृपा करणाऱ्याला हिशेब विचारायचा कसा? मी भारतीय, स्वतः एकेकाळच्या वसाहतीतला, म्हणून मला तो विचारला जाईल अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दोन महिन्यांत गेली. माझ्याकडे लँडरोव्हर होती, वायरलेस होता आणि पगार परकी चलनात होता. गावाच्या दृष्टीने मी वफाधिलींपैकीच होतो.

आमच्या मासिक अहवालाचा नमुना युरोपातून आलेला होता. त्यात नवे बसवलेले हातपंप किती आणि प्रकल्पाच्या पथकाने दुरुस्त केलेले किती असे दोन रकाने होते. आज चालू किती, हा रकाना नव्हता. एका गावचा पंप दट्ट्याचे वॉशर झिजल्यामुळे पाच महिने बंद पडला होता. वॉशर जहाजाने यायचे होते. बायका पुन्हा जुन्या खड्ड्यावर जाऊ लागल्या होत्या. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पंप चालू होता. गावातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्याने ट्रकच्या जुन्या टायरमधून, विळ्याच्या टोकाने, जवळजवळ बरोब्बर गोल वॉशर कापून बसवले होते. दांडा थोडा जड लागत होता, पण तिसऱ्या हिसक्याला पाणी आले. त्याने मला एकच विचारले की, हे काम करायला परवानगी हवी होती का?

मी नाही म्हणालो. पण तो भाग मंजूर यादीत नव्हता आणि दुरुस्ती आमच्या पथकाने केलेली नव्हती, म्हणून त्या महिन्याच्या अहवालात मी तो पंप कोणत्याच रकान्यात लिहिला नाही.