ऑल्बनीला येतेयस ना, मग ऐक (लांब आहे, चहा घेऊन बस)

अगं, तू लिहिलंयस की पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये एनएबीएचचं (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेचं) काम बघतेस, नवऱ्याला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत नोकरी मिळालीये, एच-4 वर (नवऱ्याच्या एच-1बी व्हिसामुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर) येणार, तर इथे क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काही चान्स आहे का. आणि शेवटी सहज म्हणून विचारलंयस की तिकडे हार्ट सर्जनच्या नावासकट मृत्यूचे आकडे छापतात म्हणे, खरं का. तुझ्यासाठी तो सहज प्रश्न असेल, मी तो वाचून रात्री दीड वाजेपर्यंत जागी होते.

व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही. एवढंच ध्यानात ठेव की आल्या आल्या काम करता येणार नाही, नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनी जो अर्ज करते, ते आय-140, अप्रूव्ह होईपर्यंत घरी बसायचं. मी 2011 ला आले, एच-4 वाल्या बायकांना ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळायला लागलं 2015 मध्ये, म्हणजे चार वर्षं मी पोळ्या लाटल्या आणि बर्फ बघितला. कोल्हापुरातली माझी बीएचएमएसची प्रॅक्टिस इथे शून्य. आता एका हॉस्पिटलात हार्ट सर्जरीच्या पेशंटचे फॉर्म भरते, त्याला डेटा अ‍ॅब्स्ट्रॅक्टर म्हणतात. तुला हे काम जमेल, आणि खरं सांगायचं तर ते आवडेलही.

तर हो, छापतात. न्यूयॉर्क राज्याने 1989 पासून प्रत्येक बायपासची माहिती गोळा करायला सुरुवात केली. वय, हृदयाचं पंपिंग, किडनी, फुप्फुसं, आधीचा अटॅक, सगळं. मग गणित करायचं की एवढे आजारी पेशंट असताना किती जण दगावतील असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात किती दगावले. 1990 च्या डिसेंबरात हॉस्पिटलांचे आकडे बाहेर आले. सर्जनची नावं राज्याला द्यायची नव्हती, न्यूजडे पेपर कोर्टात गेला आणि 1991 मध्ये तीही छापून आली. 1989 ते 1992 मध्ये आजारपणाचा हिशोब धरून मृत्युदर 4.17 टक्क्यांवरून 2.45 वर आला.

आपल्याला वाटतं पेशंट यादी बघून हॉस्पिटल बदलत असतील. कुठलं काय! पेनसिल्व्हेनियातही अशीच यादी निघायची, तिथे बायपास झालेल्यांना विचारलं तर ऑपरेशनच्या आधी ती माहीत असलेले 12 टक्के. घाबरली ती हॉस्पिटलं. तू येतेयस त्याच ऑल्बनीतलं सेंट पीटर्स घे. आकडा वाईट आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया आपल्याकडे असते तीच, आमचे पेशंटच जास्त सिरियस असतात हो. पण मग त्यांनी केसेस उघडून बघितल्या तर गडबड एकाच ठिकाणी, इमर्जन्सी बायपासमध्ये. 1992 मध्ये अशा 42 पैकी 11 गेले होते. अटॅक आलेल्या माणसाला धावत थेट टेबलवर घ्यायचे. मग ठरवलं की आधी त्याला सावरायचं, हृदयाला आधार द्यायला बलून पंप लावायचा, मग ऑपरेशन. पुढच्या वर्षी 54 इमर्जन्सी केसेस, मृत्यू शून्य. सर्जन तेच होते गं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता दुसरी बाजू, जी इंटरव्ह्यूत कोणी सांगणार नाही. फॉर्मवर पेशंट जितका आजारी, तितके जास्त मृत्यू अपेक्षित धरले जातात, म्हणून सर्जनचा आकडा चांगला दिसतो. 1989 मध्ये 6.9 टक्के पेशंटना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, होता, 1991 मध्ये 17.4 टक्के! दोन वर्षांत न्यूयॉर्कची फुप्फुसं एवढी बिघडली नव्हती. काही आधी नीट लिहीतच नव्हते हेही खरं, पण सगळं तेवढंच नाही. राज्य फायली मागवून तपासतं, म्हणून मी रुग्णाच्या कागदात नसेल ते टिक करत नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. तूही करू नकोस.

फॉर्मवरून आठवलं, मुलं असतील तर हे वाच. शाळेत नाव घालताना एक कागद देतात, घरात कोणती भाषा बोलता. मी अभिमानाने मराठी लिहिलं. पोरगी पाच वर्षांची, कोल्हापुरात इंग्लिश मीडियमच्या केजीत जाणारी, पण टेस्ट घ्यायला आलेल्या अनोळखी बाईसमोर तोंडच उघडेना. झालं, टाकली तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांत, दोन वर्षं. रोज गोष्टीच्या तासाला तिला वर्गातून उठवून न्यायचे. मी तीनदा शाळेत गेले, हसून परत पाठवलं. ती आता कॉलेजात आहे, माझ्याशी मराठी बोलत नाही, आणि मला नेहमी वाटतं हे त्या कागदाचं आहे. नवरा म्हणतो तसं काही नाही. पण धाकट्याच्या वेळी मी सरळ 'इंग्लिश' टिक केलं. हो, मीच, ती सीओपीडीवाल्यांना नावं ठेवणारी.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. मंडळाचा गणपती असतो, ढोकळ्याचे डबे असतात, निघतं. पुढे.

पुढे काय, तर बाबा. 2017 मध्ये त्यांना बायपास सांगितली. वय 71, पंपिंग 25 टक्के, वीस वर्षं शुगर, बिडीने छाती गेलेली. एका सर्जननी नाही म्हटलं, दुसऱ्या शहरातल्या एकांनी घेतलं. मी रोज हेच काम करणारी, फोनवर विचारलं, डॉक्टर, अशा पेशंटमध्ये तुमच्याकडे किती जातात? ते म्हणाले, मॅडम, काळजी करू नका, आम्ही आहोत ना. भावाने फोन काढून घेतला आणि नंतर मला झापलं, बाबा त्यांच्या हातात आहेत आणि तू तिथे बसून त्यांची परीक्षा घेतेस? आपल्याकडे बघायला यादीच नाही, मी तरी काय करणार होते. सहाव्या दिवशी बाबा गेले. माझा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला, एक्स्टेन्शन अडकलेलं, बाराव्यालाही पोचले नाही.

काही महिन्यांनी एका रात्री मी बाबांचा फॉर्म भरला. आमचाच, कोरा, एकेक रकाना. त्यांच्या फाइलचे फोटो भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले होते, त्यावरून. दगावण्याच्या धोक्याचा जो आकडा आला तो इथे लिहीत नाही. तो कागद पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे.

मी खूप दिवस मनात म्हणत होते की बाबा इथे असते तर वाचले असते. पण पेनसिल्व्हेनियातल्या सर्जनना विचारलं होतं तेव्हा 63 टक्के म्हणाले की आकडे छापायला लागल्यापासून फार आजारी पेशंट घ्यायला मन धजत नाही. आणि मीही बघितलंय. बाबांसारखाच एक माणूस, जवळजवळ तेच रिपोर्ट, मीटिंगमध्ये दहा मिनिटं चर्चा आणि निर्णय, ऑपरेशन नको, औषधांवर ठेवू. कदाचित बरोबरच असेल, मी कोण ठरवणारी. पण ज्याला घेतलंच नाही त्याचा फॉर्म माझ्याकडे येत नाही. तो कुठल्याच आकड्यात नाही. आता त्या कोल्हापूरच्या पहिल्या सर्जनवर राग धरू की दुसऱ्यावर, मला कळत नाही, दुसऱ्यांनी किमान ऑपरेशनला घेतलं तरी.

असो. तुझ्या कामाचं. लग्नाआधीच्या सर्टिफिकेटांवर वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर नवऱ्याचं असेल तर आत्ताच अ‍ॅफिडेव्हिट करून ठेव, दोन-तीन प्रती, माझे पाच महिने ह्यात गेले. इथले लोक विचारतात मधलं नाव कसं बदलतं, त्यांना समजावताना तोंड दुखतं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात घे आणि काही झालं तरी ते पाकीट उघडू नकोस, मी नीट आहे ना बघायला उघडलं होतं, परत पहिल्यापासून.

आणि येण्याआधी आईबाबांचे सगळे जुने रिपोर्ट स्कॅन करून घे. इको, किडनी, सगळे. तू आलीस की फोन कर, जानेवारीत येणार असशील तर मी बूट घेऊन एअरपोर्टवर येते, तिकडून आणलेले चालत नाहीत.