विनाइल कडेने का सुटतं?

विनाइल म्हणजे हीट प्रेसच्या गरम प्लेटखाली दाबून टी-शर्टवर चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा थर. त्याचं डिझाइन सुटलं की नवीन माणूस आधी तापमान वाढवतो. तसं करू नका. बहुतेक वेळा दोष ओलाव्याचा किंवा दाबाचा असतो. सुती टी-शर्ट कोरडा वाटला तरी दमट असतो. म्हणून आधी नुसताच पाच सेकंद प्रेस करा, वाफ निघून जाऊ द्या.

मग साध्या पीयू (पॉलियुरेथेन) विनाइलला १५० ते १६० अंश सेल्सिअस, १० ते १५ सेकंद, मध्यम दाब. अर्थात, रोलसोबतचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तोच पाळा. गळपट्टी, शिवण किंवा बटण प्लेटखाली आलं की प्लेट तिथे टेकते आणि शेजारच्या भागाला दाबच मिळत नाही. छातीवरची अक्षरं एका बाजूने उचलली जातात ती यामुळेच. तो जाड भाग प्रेसच्या खालच्या पाटाबाहेर लोंबकळत ठेवा, नाहीतर डिझाइनखाली उष्णतारोधक फोम पॅड घाला.

विनाइलवरची आधाराची फिल्म गरम असताना काढायची की गार झाल्यावर, हे विनाइलनुसार ठरतं. तिरकी, सावकाश ओढा. कडा फिल्मसोबत वर येताना दिसली तर लगेच थांबा, फिल्म परत बसवून पुन्हा पाच सेकंद दाबा.

पॉलिएस्टरला मात्र जपून: जास्त उष्णतेने कापडावर चकाकणारा चौकोन उमटतो, कधी कापडाचा रंग विनाइलमध्ये चढतो. त्यासाठी कमी तापमानाचं विनाइल घ्या. पहिली धुलाई २४ तासांनंतर, टी-शर्ट उलटा करून.