बजेट कमी, मुलं नाक मुरडतात आणि आईला सतत अपराधी वाटतं

मी समुपदेशक आहे, पण "स्वयंपाकाचं टेन्शन आहे" म्हणून माझ्याकडे कोणी अपॉइंटमेंट घेत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात पैशावरून खटके उडतात असल्या कारणांनी, आणि मग दुसऱ्या तिसऱ्या भेटीत, बहुतेक वेळा उठता उठता, हळूच बाहेर पडतं की मॅडम, मी मुलांना नीट खायलाच घालत नाहीये हो, परवडतच नाही. हल्ली हे इतक्या जणींकडून ऐकलंय (आणि दोन बाबांकडूनही, ते सांगायलाच हवं) की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

एका ताईंची गोष्ट सांगते. म्हणजे खरं तर दोन-तीन घरांची हकीकत एकत्र करून, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतेय. नवऱ्याचे कामाचे तास कमी झालेले, यांची नोकरी अर्धवेळ, घरात सासूबाई आणि दोन मुलं, त्यातला मोठा आठ वर्षांचा आणि खाण्याच्या बाबतीत महाकटकटी. ताई आल्या होत्या डोकं दुखतं म्हणून, सगळ्या तपासण्या नॉर्मल. बोलता बोलता त्यांनी मोबाईल काढला आणि सेव्ह करून ठेवलेली 'मुलांच्या वाढीसाठी' टाईपची लिस्ट दाखवली. बदाम, अक्रोड, चीज, बेरी फळं, परदेशी बिया, काय काय.

"यातलं एकही आम्हाला परवडत नाही मॅडम."

मी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

"काल? काही नाही. डाळ, भात आणि कोबीची भाजी."

"काही नाही म्हणजे?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी कागद घेतला आणि आम्ही हिशोब मांडला. समुपदेशकाने प्रोटीनचे हिशोब करावेत का, तर माझं मत आहे की करावेत, कारण भीती जर आकड्यांची असेल तर नुसतं "काळजी करू नका" म्हणून ती जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने या वयाच्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.९ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे २५ किलोच्या मुलाला २३ ग्रॅमच्या आसपास, डाळी-धान्यांवर भर असेल तर थोडं जास्त धरायचं. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम असतं. एका अंड्यात सहा. धान्यातही असतं, तांदळात कमी, गव्हात जास्त. आणि धान्यात जे अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी पडतं (लायसिन) ते डाळीत भरपूर, डाळीत जे कमी ते धान्यात, त्यामुळे दोन्ही दिवसभरात पोटात गेलं की भागतं, एकाच ताटात असायलाच हवं असंही नाही. म्हणजे त्या 'काही नाही'मध्ये बऱ्यापैकी काम झालेलं होतं.

ताईंना पटलं, पण हलकं वाटलं नाही. हे मी बरोबर ओळखते आता. माणूस मान डोलावतो पण खांदे खाली येत नाहीत. म्हणजे काळजीची मुळी दुसरीकडेच आहे.

मी म्हटलं पुढच्या वेळी येताना मागच्या महिन्याची किराण्याची सगळी बिलं घेऊन या. त्या जरा घाबरल्याच, म्हणाल्या, "ओरडणार नाही ना?" तेव्हाच मला अर्धं उत्तर मिळालं होतं खरं तर. पन्नाशीकडे झुकलेली बाई बिलं दाखवताना ओरडा बसेल म्हणून घाबरते, म्हणजे डोक्यात सतत कुणीतरी ओरडतच असणार.

बिलं आली, पिशवीभर. बजेटवाले काय करतात, महाग वस्तूंवर लाल रेघ मारतात आणि हे बंद करा म्हणतात. मी ते करत नाही. मी पैशाच्या मागची भावना बघते, माझा तो पिंडच आहे म्हणा, घरातली नाती नीट झाली की हिशोब आपोआप ऐकायला लागतो असं माझं ठाम मत आहे. तर मी एकेका बिलावर बोट ठेवून एवढंच विचारत गेले की हे घेतलं तेव्हा त्या दिवशी घरात काय चाललं होतं.

तांदूळ, डाळ, तेल, मीठ यावर काहीच आठवत नव्हतं त्यांना. साहजिक आहे, रोजच्या सामानाला गोष्ट नसते. मग आला पौष्टिक म्हणून विकला जाणारा चॉकलेट पावडरचा डबा.

"हा... हा बहुतेक शनिवारी. त्या दिवशी मी मोठ्याला मारलं होतं."

पुढे ज्यूसचे छोटे खोके, सहाचा पॅक. "शाळेच्या सहलीला पाठवलं नव्हतं त्याला, पैसे नव्हते." मग रंगीत सीरियलचं पाकीट, धाकटीचा वाढदिवस साधेपणाने केला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मग बिस्किटं, क्रीमची. यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. बिल हातात तसंच. मीही काही बोलले नाही, अशा वेळी बोललं की सगळं मुसळ केरात. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं महागडं सामान मी भांडण झाल्यावरच आणलंय."

मी फक्त मान हलवली.

"आणि हे आणलं की पैसे संपतात, मग शेवटच्या आठवड्यात भाजी येत नाही. मग मला परत वाईट वाटतं. मग मी परत..." आणि हसायलाच लागल्या, डोळ्यात पाणी आणि हसू एकदम. खांदे खाली आले.

हा क्षण मी कुठल्या तक्त्यातून आणू शकले नसते. एक स्पष्ट सांगते, कमी बजेटमध्ये कसं शिजवायचं हे बहुतेक घरांना माहीत असतं, पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. जे माहीत नसतं ते हे, की अपराधीपणाला बजेटमध्ये स्वतःची एक वेगळी ओळ आहे आणि ती न लिहिता खर्च होते. आम्ही मग ती ओळ खरंच लिहिली. महिन्याची एक छोटी रक्कम, मुलांच्या मौजेसाठी, उघड, सगळ्यांना माहीत असलेली, मुलांनी ठरवायचं काय आणायचं. भांडणानंतर नाही, ठरलेल्या दिवशी. भांडणानंतर काय करायचं तर सॉरी म्हणायचं, ते फुकट आहे. उरलेले पैसे सरळ भाजी, अंडी आणि फळांकडे वळले. फळं-भाज्या मिळून दिवसाला मोठ्या माणसाला निदान ४०० ग्रॅम हव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांना वयाप्रमाणे कमी. तिथे कुठेही त्या महाग असाव्यात असं म्हटलेलं नाही. त्या त्या ऋतूत जे मुबलक येतं ते स्वस्तही असतं आणि चांगलंही, फ्रोजन मटार गाजर मिळत असतील तर तेही पौष्टिकतेत ताज्याच्या बरोबरीचे असतात, कमीपणा मानायचं काही कारण नाही.

दुसरी अडचण संध्याकाळची. कामावरून यायचं, दमलेलं डोकं, फ्रीज उघडून उभं राहायचं आणि आज काय करू. ताई म्हणायच्या, मला साधं सुचत पण नाही, मी मठ्ठ झालेय. मी त्यांना सांगितलं की २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ऊस शेतकऱ्यांवरचा, तेच शेतकरी कापणीच्या आधी पैशाची चणचण असताना विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडायचे आणि कापणीनंतर पैसे हातात आल्यावर बरे करायचे. माणसं तीच. म्हणजे तुम्ही मठ्ठ नाही, तुमचं डोकं हिशोबात गुंतलंय. हे ऐकून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं म्हणे.

यावर उपाय अगदी कंटाळवाणा आहे, आणि मला कंटाळवाणे उपाय आवडतात. दमलेल्या वेळी ठरवायचंच नाही. सांगाडा एकदाच ठरवून टाकायचा, एक धान्य, एक डाळ किंवा कडधान्य किंवा अंडं, एक भाजी, बास. वाराप्रमाणे कडधान्य लावून टाकायचं. तेच तेच होईल का, होईल, मुलांना त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते आपल्याला. कडधान्य एकदम दुप्पट शिजवायचं, अर्धं फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी फोडणी बदलून वेगळं ताट. भिजवलेलं पाणी टाकून दिलेलं बरं, गॅसेस कमी होतात, आणि लाल राजमा असेल तर तो किमान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, अर्धवट शिजलेला पोट बिघडवतो. उरलेला भात तासनतास बाहेर ठेवायचा नाही, दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये, नाहीतर त्यात जंतू जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. आणि डाळी-पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळा, जेवणासोबत चहा नको, तासभर नंतर घ्या. या चहावरून सासूबाईंनी जो काही वाद घातला तो वेगळाच लेख होईल.

आता मोठा मुलगा. भाजी बघितली की ई. ताईंनी मग भाज्या आणणंच कमी केलं होतं, कारण टाकून दिलेली भाजी म्हणजे टाकून दिलेले पैसे. यात त्यांची काहीच चूक नाही. केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये नेमकं हेच मांडलंय, की कमी उत्पन्नाच्या घरातले आईबाप मुलं नाकारतील असं अन्न आणायची जोखीमच घेऊ शकत नाहीत, मग मुलांना आधीच आवडतं तेवढंच आणतात आणि नवीन चव कधी बसतच नाही. आणि नवीन चव बसायला किती वेळा चाखावं लागतं, तर मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या लिॲन बर्च आणि इतरांच्या संशोधनातून आठ-दहा, कधी पंधरा वेळा असं दिसलंय. आपण तिसऱ्या वेळीच हरतो.

मग मधला रस्ता असा काढला की भाजी घरातले बाकीचे खातातच, त्याच्यासाठी वेगळी करायची नाही, फक्त त्याच्या ताटात एक चमचा. एकच. टाकला तरी एक चमचाच गेला. आणि एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ आणि फॅमिली थेरपिस्टचा एक नियम मी सगळ्या घरांना सांगते, इतका की माझी स्वतःची मुलं तो ऐकून वैतागलीत: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने.

"आणि उपाशी राहिला तर?"

"जेवणात त्याला आवडणारं एक काहीतरी असेलच ना? भात असेल. तो खाईल."

"भाजी खाल्ली तर बिस्किट देईन म्हणू का?"

"नको. मग भाजी ही शिक्षा आहे हे आपणच त्याला शिकवतो." हे पण बर्च बाईंच्याच प्रयोगांत दिसलंय, बक्षीस लावलं की मुलाला तो पदार्थ आणखीच नावडता होतो.

पहिले काही आठवडे त्याने चमचा तसाच ठेवला. ताई दर वेळी येऊन सांगायच्या, नाही खाल्ला. मी म्हणायचे, तुम्ही काही बोललात का? नाही बोलले. मग झालं तुमचं काम. एक दिवस त्याने बहिणीशी पैज लावून खाल्ला, म्हणजे माझ्या सगळ्या थिअरीला बाजूला सारून. चालतं.

नवऱ्याला एकदा बोलावलं होतं. गप्प माणूस. त्याला वाटत होतं की मी कमी कमावतो म्हणून ही जेवताना तोंड पाडून बसते, आणि तिला वाटत होतं की मी चांगलं करत नाही म्हणून हा गप्प जेवतो. दोघांनाही एकमेकांच्या डोक्यातलं पहिल्यांदाच ऐकू आलं. त्या दिवसापासून रात्री कडधान्य भिजत घालणं त्याच्याकडे गेलं, आणि बिलांची पिशवी दोघं मिळून उघडतात. डोकेदुखी कमी झालीय, पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

शेवटी शेवटी मी ताईंना सहज विचारलं की तुम्ही कधी जेवता? "सगळ्यांचं झालं की, उरेल ते." हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरात मिळतं. इथे मी जराही मऊ होत नाही. पाच माणसांच्या घरात पाच ताटं एकदम वाढायची, आईचं पण, आणि बजेट पाच ताटांचंच करायचं. चार ताटांत भागवून पाचवं उरल्यावर ठेवलं की ते बजेट खोटं असतं.

तुमच्याकडे मात्र खरोखरच धान्य महिनाअखेरपर्यंत पुरत नसेल, घरातलं मोठं माणूस जेवण टाळत असेल, तर त्याला मेनू प्लॅनिंग किंवा समुपदेशन हे उत्तर नाही, तिथे सरकारी धान्य योजना, शाळेतलं जेवण, नातेवाईक, जे असेल त्याची मदत लाज न बाळगता मागायची. मुलाचं वजन महिनोन्‌महिने वाढत नसेल, फार दमत असेल, डोळे-ओठ फिके दिसत असतील, तर आधी डॉक्टर आणि रक्त तपासणी, माझ्याकडे त्यानंतर या.