मोटारीची आगोट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कोकणात मृग लागण्याआधी घरोघरी आगोटीची बेगमी होते. सरपण, सुकी मासळी, मीठ-मसाला घरात येतो आणि छपराची फुटकी कौले बदलून घेतली जातात. दारात उभ्या असलेल्या मोटारीसाठी मात्र अशी तयारी करणारी माणसे थोडीच. गेल्या महिन्याभरात आलेली बहुतेक पत्रे पावसाळ्याविषयीची असल्यामुळे हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी गाडी पाच वर्षांची असून जेमतेम १५,००० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसिंग वेळेवर होते. तरीही वळवाच्या पहिल्याच सरीत वायपर फिरताना काचेवर पाण्याचे पट्टे राहू लागले. गाडी इतकी कमी वापरली असताना असे का व्हावे? पावसाळ्यात टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी असेही ऐकतो, ते योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

आपली गाडी कमी चालली हे खरे, पण ती पाच उन्हाळे उन्हात उभी राहिली आहे. रबराचे आयुष्य केवळ किलोमीटरवर मोजता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात काच आणि बोनेट इतके तापतात की हात ठेववत नाही, आणि वायपरची रबरी पट्टी त्या तापलेल्या काचेला दिवसभर चिकटून असते. ती कडक होते, तिची धार एका बाजूला वळते आणि मग ती पाणी पुसण्याऐवजी काचेवर पसरवते. वायपर उचलून पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. कड खरखरीत लागली किंवा बारीक चिरा दिसल्या, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवी ब्लेड बसवावीत. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ती बदलण्याचा नेम ठेवावा. हा खर्च फार नसतो. बदलण्यापूर्वी काच मात्र साध्या साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावी, कारण तेलकट काचेवर नवी ब्लेडही पट्टेच काढतात.

हाच न्याय टायरला लागू होतो, आणि तेथे तो जास्त महत्त्वाचा आहे. टायरच्या बाजूला कोरलेल्या ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ते २३१९ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. टायर पाच-सहा वर्षांचा झाला असेल आणि बाजूला किंवा खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसत असतील, तर नक्षी शाबूत असली तरी जाणकाराकडून तपासून घ्यावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही चालत नाही. खाचांमध्ये आडव्या बारीक उंचवट्यांच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की ही मर्यादा आली. माझा आग्रह असा आहे की पावसाळ्यात इतकी वाट पाहूच नये आणि ३ मिलिमीटरच्या आसपासच टायर बदलावेत. टायरखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम याच खाचा करतात. त्या उथळ झाल्या की वेगात असलेली गाडी रस्त्यावरून उचलली जाऊन पाण्याच्या थरावर तरंगत जाते, आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. द्रुतगती मार्गावर जोराच्या पावसात स्टिअरिंग अचानक हलके लागले, तर हेच घडत आहे असे समजावे. ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला चुकीचा आहे आणि तो ऐकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. हवा कमी असलेला टायर मधोमध आत दबतो, त्यामुळे पाणी बाहेर फेकले जाण्याऐवजी त्याखाली अडकते आणि गाडी कमी वेगातच तरंगू लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या तक्त्यात जितके पौंड लिहिले असतील तितकी हवा, टायर थंड असताना, बारा महिने ठेवावी. स्टेपनीतही.

प्रश्न : आमच्या इमारतीकडे येणाऱ्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाणी तुंबते. गेल्या वर्षी शेजाऱ्यांची गाडी त्या पाण्यात बंद पडली. त्यांनी दोन-तीनदा सेल्फ मारला आणि नंतर इंजिनच्या दुरुस्तीला फार मोठा खर्च आला. विम्याचे पैसेही मिळाले नाहीत. नेमके काय चुकले आणि अशा वेळी काय करावे? (एक वाचिका, डोंबिवली)

पाण्यात गाडी बंद पडणे हे संकट होतेच, पण इंजिनचे खरे नुकसान बहुधा नंतरच्या सेल्फने केले. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा साधारण एक दशांश जागेत दाबली जाते, डिझेलमध्ये त्याहूनही अधिक. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवा ओढून घेणारी नळी अनेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या आसपास असते. समोरून एखादी बस गेली की उठणारी लाट तेथपर्यंत सहज पोहोचते आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. अशा इंजिनातून काढलेला रॉड मी हातात घेऊन पाहिला आहे. बोटाहून जाड पोलादी दांडा मधोमध असा वाकला होता की तो ओल्या फांदीसारखा दिसत होता, आणि सिलिंडरच्या भिंतीवर त्याने उभा ओरखडा काढला होता. त्यानंतर इंजिन पूर्ण उघडण्याखेरीज मार्ग उरला नाही.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला किंवा बटणाला पुन्हा हात लावू नये. गाडी ढकलून कोरड्या, उंच जागी न्यावी, शक्य असल्यास बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी. तेथे एअर फिल्टर ओला आहे का, ऑइलचा रंग दुधाळ झाला आहे का, हे आधी पाहिले जाते, आणि मगच स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून आतले पाणी बाहेर घालवले जाते.

विम्याविषयी सांगायचे तर, सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने भिजलेल्या सीट, वायरिंग इत्यादींची भरपाई सहसा मिळते. परंतु पाणी शिरलेले इंजिन चालू केल्यामुळे झालेले नुकसान ‘परिणामी नुकसान’ म्हणून सहसा वगळलेले असते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. त्यातही सेल्फ मारल्याबद्दल अट असू शकते, म्हणून पॉलिसीतील अपवादांचे पान वाचूनच नूतनीकरण करावे. तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी हे कलम अवश्य घ्यावे, असे माझे मत आहे.

आता पाण्यात शिरण्याविषयी. फुटपाथची कड दिसत नसेल, तर शिरू नये. वाहते पाणी असेल, मग ते ओढ्याच्या फरशीवरचे का असेना, तर अजिबात शिरू नये, कारण फूटभर खोलीचे वाहते पाणीही लहान मोटार उचलू शकते. समोरची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल हा हिशेब करू नये; तिची उंची आणि तिचा चालक वेगळा असतो. साचलेल्या उथळ पाण्यातून जाणे भागच असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, संथ गतीने जावे आणि बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करून घ्यावेत.

पाणी वाढतच असेल तर गाडीचा मोह सोडावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या दिवशी मुंबईत बंद मोटारींमध्ये अडकूनही माणसे दगावली. पाणी दाराला लागताच, विजेवरच्या काचा चालत आहेत तोवर, सर्वप्रथम काच खाली करावी आणि सीटबेल्ट सोडून बाहेर पडावे. काच फोडण्याची वेळ आलीच, तर पुढची मोठी काच फोडू पाहू नये, तिच्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि ती तडकली तरी फुटून पडत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालावा. त्यासाठी मिळणारी लहान टोकदार हातोडी डिकीत नव्हे, हाताशी ठेवावी.

प्रश्न : आंबोली घाटात काचेवर आतून वाफ धरली आणि काहीच दिसेना. फडक्याने पुसत गाडी चालवली. धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवणे बरोबर आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

फडक्याने पुसून वाफ जात नाही, दोन मिनिटांत पुन्हा धरते. आपल्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची दमट हवा गार काचेला लागली की तिच्यातले पाणी काचेवर बसते. एसी हवा कोरडी करतो, म्हणून गारठा असला तरी एसी चालू करावा, झोत पुढच्या काचेवर घ्यावा, तापमान थोडे वाढवावे, आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. हे शेवटचे बटणच बहुतेक जण विसरतात. मुंबई किंवा गोव्याच्या दमट रात्री याउलट काच बाहेरून धुरकट होते, कारण एसीने ती फार गार झालेली असते. तेव्हा वायपर फिरवावा आणि एसीचा झोत काचेवरून काढावा.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवू नयेत. ते चालू असताना आपण कोठे वळणार हे मागच्याला कळत नाही, आणि आपण थांबलो आहोत की चाललो आहोत हेही धुक्यात समजत नाही. डिपर म्हणजे खालचा झोत लावावा, फॉग लॅम्प असल्यास तेही. वरचा झोत धुक्यावरून परावर्तित होऊन आपल्याच डोळ्यांवर येतो. काहीच दिसत नसेल, तर रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबावे, आणि तेव्हा चारही इंडिकेटर अवश्य लावावेत. वळणावर किंवा दरडीखाली मात्र थांबू नये.

प्रश्न : पसरणी घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकदम खोल गेले. गॅरेजमध्ये लायनर चांगले असल्याचे सांगितले. मग दोष कशात? (एक निवृत्त शिक्षक, वाई)

ब्रेक ऑइल बहुधा जुने झाले असावे. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. नवे ‘डॉट ४’ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरले की डिस्क तापतात, ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. थोडा वेळ थांबल्यावर ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, भर घालून भागवू नये. तत्पूर्वी एकदा पाइप आणि मास्टर सिलिंडर गळत नाहीत ना, याचीही खात्री करून घ्यावी.

उतरण्याची जुनी रीत अजूनही तितकीच खरी आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक आजही दिसतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी.

प्रश्न : पावसात गाडीच्या आत डाव्या बाजूला पायाखाली पाणी साचते, दारे तर बंद असतात. आठवडाभर उभी राहिल्यावर मागची चाकेही जाम होतात. (एक वाचक, रत्नागिरी)

गाडी झाडाखाली उभी राहत असावी. बोनेट उघडा आणि पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीखाली पाहा; तेथे पाणी वाहून जाण्याच्या वाटा पाने आणि फुलांच्या पाकळ्यांनी बुजलेल्या असतील. पाणी तेथून एसीच्या मार्गाने आत येते. गाळ हाताने काढावा, तारेने खुपसू नये, रबरी नळी फाटते. दारांच्या खालच्या कडेची छिद्रेही मोकळी करावीत, नाहीतर समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत दारे आतून गंजतात. गालिचा उचलून उन्हात वाळवावा.

चाकांचे कारण हँडब्रेक. ओल्या हवेत लायनर ड्रमला चिकटतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न लावता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. गाडी काढताना दगड आधी बाजूला करावेत, आणि पहिली काही मीटर ब्रेक तपासतच जावे.