देव मानणे आणि देवाला मानणे

वाशीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा:

"गौरीच्या जेवणाला सगळे जमले होते. आरतीला मी मागे उभी राहिले, टाळ्या वाजवल्या नाहीत. नणंदेनं विचारलं, तेव्हा सांगून टाकलं, मी नास्तिक आहे, देव मानत नाही. सासूबाईंना फार लागलं. 'म्हणजे आम्हालाही मानत नाहीस,' म्हणाल्या. मी त्यांचा अपमान कधी केला? नवरा म्हणतो, 'नास्तिक' हा शिवीसारखा शब्द आहे, 'निरीश्वरवादी' म्हणायचं होतंस. दोन्हींत फरक काय? 'अश्रद्ध' चालेल का? आणि नणंदेनं नंतर घरच्या ग्रुपवर 'नास्तीक' असं लिहिलं, ते बरोबर का?"

ताई, तुम्ही नामांबद्दल विचारलंत. माझ्या मते त्या दिवशी बिघडलं ते क्रियापदापाशी. पण नामं आधी उरकू.

'न' आणि 'आस्तिक' जोडून 'नास्तिक' झाला, असं पुष्कळांना वाटतं. पाणिनीचं सूत्र वेगळं सांगतं: 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'अस्ति', म्हणजे 'आहे', असं ज्याचं मत तो आस्तिक. 'नास्ति' असं ज्याचं मत तो नास्तिक. आणि सगळं दैवानं ठरलेलं असतं असं म्हणणारा दैष्टिक. तिघंही एकाच बाकावर बसलेले. नास्तिक हा आस्तिकातून काहीतरी वजा करून उरलेला शब्द नाही, 'नास्ति' या पुऱ्या वाक्यावरून तो थेट घडला आहे. बाकी 'ज्याला मती आहे तो आस्तिक' असा अर्थ घेतला तर चोरसुद्धा आस्तिक ठरेल, अशी शंका महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या भाष्यात, काढलेली आहे. व्याकरणकारांना विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आता काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात सांगितलेलं नाही. टीकाकारांनी ती जागा 'परलोक' या शब्दानं भरली. देवाचा पत्ता नाही. मनुस्मृतीत (२.११) 'नास्तिको वेदनिन्दकः' येतं, म्हणजे तिथं कसोटी वेदाची. तिथंही देव नाही. म्हणून तर ईश्वराशिवाय जगाची घडण सांगणारं सांख्य आणि जगाचा कर्ता नाकारणारी पूर्वमीमांसा, ही दोन्ही आस्तिक दर्शनांत मोडतात. उलट जैन आणि बौद्ध कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात, म्हणजे परलोकाच्या कसोटीवर पास. पण वेद मानत नाहीत म्हणून ते नास्तिकांच्या रांगेत. चार्वाक मात्र कुठल्याही कसोटीवर नास्तिकच. त्याची पंचाईत नाही.

'देव न मानणारा' हा आज आपल्या कानाला एकमेव वाटणारा अर्थ या सगळ्यानंतरचा. तेव्हा तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नेमकेपणा बघितला तर 'निरीश्वरवादी' जास्त नेमका. ईश्वर नाही एवढंच तो सांगतो, वेदाबद्दल किंवा परलोकाबद्दल अवाक्षर काढत नाही. तरी मला तो आवडत नाही. एक तर गौरीच्या पंगतीत कुणी 'मी निरीश्वरवादी आहे' म्हणालं, की दर्शनशास्त्राच्या पेपरात टीप लिहायला घेतल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे त्याच्या शेपटीला 'वाद' बांधलेला आहे. आरतीला मागे गप्प उभी राहणारी बाई कसला वाद घालत होती? 'नास्तिक' शब्दात वाद नाही, नुसतं 'नाही' आहे. त्याला शिवीचा वास लागला तो 'वेदनिंदक' शेजारी येऊन बसल्यामुळे.

'अश्रद्ध' नको. श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा. वेदातल्या शब्दांची फोड करणारा यास्क 'श्रत्' चा अर्थ सत्य असा देतो आणि लॅटिनमधलं 'क्रेडो' (माझा विश्वास आहे) हे याच कुळातलं. मराठीत श्रद्धा फक्त देवावर नसते. गुरूवर असते, कामावर असते, एखाद्या घराण्याच्या गाण्यावर असते. ज्या आगरकरांना लोक 'देव न मानणारा देवमाणूस' म्हणत आले, त्यांना अश्रद्ध म्हणून बघा, जीभ अडते. राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या मराठी पाठातही 'विश्वास, श्रद्धा व उपासना' असे तीन वेगळे शब्द आहेत. स्वतःला अश्रद्ध म्हणवणारा माणूस हवं त्यापेक्षा जास्त सोडून देतो.

आता क्रियापद. 'मानणे' हे मराठीतलं फार कष्टाळू क्रियापद आहे, चार घरची कामं करतं. बीजगणितात 'मुलाचं वय क्ष मानू', इथं ते गृहीत धरतं. 'पंचायतीचा निर्णय मानला', इथं ते स्वीकारतं. 'आमच्यात दहा दिवस सुतक मानतात', 'ते शनिवार मानतात', इथं ते पाळतं, विश्वासाचा प्रश्नच नाही. आणि 'सगळी आळी त्यांना मानते' म्हटलं की मान देतं. मानपान, मानकरी, मानाचा गणपती ही सगळी शेवटच्या घरची मंडळी. आभार मानतो, हार मानतो, तीही याच हातांनी.

यांतली दोन कामं गौरीच्या दिवशी एकमेकांवर आपटली. 'तो बापाला मानत नाही' हे वाक्य घ्या. बाप अस्तित्वात आहे की नाही याबद्दल त्या पोराला शंका आहे, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पोरगा उद्धट आहे, एवढाच अर्थ. आता 'मी भूत मानत नाही' घ्या. इथं भुताचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही, भूत नसतं एवढंच कळतं. पण 'मी भुताला मानत नाही' म्हणा, लगेच छाती पुढे काढून अमावास्येच्या रात्री स्मशानात निघाल्यासारखं होतं. एका 'ला' नं वाक्य अस्तित्वाच्या प्रश्नावरून अदबीच्या प्रश्नावर गेलं.

तुम्ही म्हणालात 'देव मानत नाही'. सासूबाईंनी ऐकलं 'देवाला मानत नाही'. तिथून 'आम्हाला मानत नाही' ही फक्त पुढची पायरी. त्यांचं तर्कशास्त्र कच्चं नव्हतं. त्या 'मानणे' च्या दुसऱ्या खोलीत बसल्या होत्या, एवढंच.

याहून खोल एक गोष्ट आहे. मराठीत 'मानलेला भाऊ' असतो. रक्ताचा नाही हे त्या भावाला माहीत, बहिणीला माहीत, सगळ्या चाळीला माहीत. तरी राखी पौर्णिमेला तो दहिसरहून ठाण्याला येतोच. नातं खरं आहे, आणि ते मानण्यामुळेच खरं आहे. 'मानला तर देव, नाहीतर दगड' म्हणणारा भाविक काही वेळा याच अर्थानं बोलत असतो. त्याला 'पुरावा काय?' विचारणं म्हणजे मानलेल्या भावाचा जन्मदाखला मागण्यासारखं आहे. दोघांना एकमेकांचा राग का येतो, ते इथं कळतं.

मात्र सगळेच भाविक असे नसतात, आणि ही पळवाट मी कुणाला देणार नाही. 'या अंगाऱ्यानं कावीळ उतरते' हे वाक्य नात्याचं नाही, कावीळ उतरण्याचं आहे. तिथं पुरावा मागायचा हक्क शंभर टक्के आहे आणि तिथं 'आमची भावना दुखावली' म्हणणं म्हणजे खोली बदलून लपणं.

विश्वासाच्या शब्दांचं हे निष्ठेकडे घसरणं फक्त 'मानणे' पुरतं नाही. अरबी 'ईमान' म्हणजे धर्मश्रद्धा. मराठीत आल्यावर त्याचं काय झालं बघा: इमानी कुत्रा, इमानेइतबारे नोकरी, बेइमान माणूस. धर्म गळून पडला, निष्ठा उरली. देव नाही म्हणणारा घरच्यांना आतून कुठंतरी बेइमान वाटतो, त्याची मुळं भाषेत इतकी खाली गेलेली आहेत. जुन्या मराठी बायबलात 'विश्वासणारा' असं सरळ रूप भेटतं. ते मला निर्मळ वाटतं, पण ख्रिस्ती मंडळींच्या बाहेर ते रुळलं नाही. महात्मा फुल्यांनी 'निर्मिक' शब्द चालवला, तोही असाच. निर्माण करणारा एवढंच सांगणारा, देव्हाऱ्याचा कसलाही पसारा न आणणारा. असा शब्द हाताशी असताना आपण तो फुल्यांच्या जयंतीपुरता ठेवला आहे.

उलटा प्रवास 'पाखंड' चा. आज पाखंडी म्हणजे ढोंगी किंवा धर्मबुडवा. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, कुठलाही पंथ, निंदेचा लवलेश नाही. गिरनारच्या बाराव्या लेखात तो सगळ्या पासंडांचा मान राखायला सांगतो आणि त्याचं मूळ म्हणून एक शब्द देतो: 'वचिगुती'. वाचागुप्ती, बोलण्यावरचा ताबा. निमित्त नसताना आपल्या पंथाची वाहवा नको, दुसऱ्याची निंदा नको, आणि निमित्त असलंच तरी हलक्या हातानं. अशोकाच्या या चौदा लेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये नालासोपाऱ्याला सापडला. ते तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. बारावा तिथं हाती लागलेला नाही. लागला असता तर त्याचा ठसा मी आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावला असता.

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी दोन गृहस्थ दिसतात. एक कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन येतात, दुसरे तोवर कट्ट्यावर पेपर वाचत थांबतात आणि देवळाची पायरी चढत नाहीत. मग फेऱ्या मारत दोघांचं सुरू होतं. मी मागून चालत बरंच ऐकलं आहे (शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला ही वाईट खोड लागतेच). मला जाणवलं ते असं की दोघंही 'मानणे' टाळतात. पेपरवाले म्हणतात, 'मला नाही बुवा पटत.' दर्शनवाले म्हणतात, 'मला बरं वाटतं.' 'पटणे' आणि 'वाटणे' यांची सोय अशी की दोन्हींत 'मला' लागतं. वाक्य आपल्यापुरतं राहतं, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात शिरत नाही. शिवाय 'पटलं नाही' म्हणणाऱ्याला पुढं 'का नाही पटलं?' असं विचारता येतं. 'मानत नाही' च्या पुढं विचारण्यासारखं काही उरत नाही, फक्त ताटं उचलायची.

कधी भडका उडतो तेव्हा बहुतेक 'श्रद्धा' मुळे. दर्शनवाले म्हणतात, 'तुमची तरी विज्ञानावर श्रद्धाच की!' हा शब्दाचा खेळ आहे. श्रद्धा बसते आणि ढळते. ढळली तर माणसाला अपराधी वाटतं. वैज्ञानिक मत चुकीचं ठरलं तर बदलायचं असतं, त्यात ढळण्यासारखं काही नाही. विज्ञानावर 'भरवसा' म्हणा, भांडण मिटेल. पण पेपरवालेही कमी नाहीत. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत 'अंधश्रद्धा' हा शिक्का काढतात. या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो, म्हणून चर्चेत तो शेवटी यावा, सुरुवातीला नको. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा बघा. त्याचं पुरं नाव लांबलचक आहे, त्यात नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा आहे, पण 'अंधश्रद्धा' नाही. ज्या दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं, त्यांच्या समितीच्या नावातच तो शब्द, आणि तरी तेही सांगत की विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे.

एकदा पेपरवाल्यांनी तुकोबांना साक्षीला काढलं: 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनी अनुभवावा ॥' दर्शनवाले म्हणाले, ती अद्वैताची ओळ आहे, तुमच्या कामाची नाही. दोन फेऱ्या त्यावर झाल्या. शेवटी पेपरवाले म्हणाले, 'तुकोबांच्या मनात काय होतं, देव जाणे.' आणि दोघंही हसत सुटले. मराठीत 'देव जाणे' म्हणजे कुणालाच माहीत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेनं १८६९ मध्ये अज्ञेयवादासाठी इंग्रजीत नवा शब्द घडवला, आपल्या आज्यांना त्याची गरज पडली नव्हती.

तेव्हा ताई, शब्द हवा असेल तर 'नास्तिक' च ठेवा, तो जुना आणि घरचा आहे. सासूबाईंशी बोलताना मात्र 'देव आहे असं मला वाटत नाही' असं वाक्य करून बघा, आणि पुढच्याच श्वासात 'तुम्हाला मानते' हे म्हणा. तिथं 'ला' अवश्य हवा.

राहिलं शुद्धलेखन. 'निरीश्वर' मध्ये निर् आणि ईश्वर आहेत, म्हणून 'री' दीर्घ. 'नास्तिक' मध्ये 'स्ति' ऱ्हस्वच, कारण मागं 'इक' आहे. 'नास्तीक' चूक. दीर्घ 'ती' चा आस्तीक आहे, पण तो महाभारतातला, जनमेजयाचं सर्पसत्र थांबवणारा ऋषी. बायकोला सोडून जाताना बापानं तिच्या पोटाकडे बघून 'अस्ति', आहे, एवढंच म्हटलं, म्हणून पोराचं ते नाव. नणंदेची चूक ग्रुपवर सगळ्यांदेखत दाखवायची की फोन करून, हे तुम्हीच ठरवा. मानापमानाचा मामला आहे.