150 अक्षरांतलं वाचनालय

“मॅडम, सगळेच थोडं वाढवून लिहितात. पकडलं जातं का हो?”

दिवाळीच्या आसपास, परदेशी कॉलेजांचे अर्ज भरायच्या दिवसांत, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. त्या वर्षी तो बारावीतल्या एका मुलीच्या आईनं विचारला. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येतो त्या संकेतस्थळावर, अर्ज भरला होता. त्यात जास्तीत जास्त 10 उपक्रम देता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जागा 150 अक्षरांची. कन्सल्टंटनं पहिल्याच जागी ‘ग्रामीण मुलींसाठी वाचनालयाची संस्थापक, आठवड्याला 6 तास’ असं भरलं होतं. त्या गावी मुलगी एकदाच गेली होती, फोटोपुरती. आणि 1 नोव्हेंबरच्या मुदतीत एका कॉलेजला अर्ज गेलाही होता.

प्रत्येक ओळ कोणी तपासत नाही, हे मी आईपासून लपवलं नाही. पण अर्जाखाली माहिती खरी असल्याची सही मुलीची असते, कन्सल्टंटची नाही. खोटं उघड झालं तर मिळालेला प्रवेश जाऊ शकतो, पुढे पदवीसुद्धा. आणि त्याला मुदत नसते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांना 2007 मध्ये राजीनामा द्यावा लागला. नसलेल्या पदव्या त्यांनी कागदावर दाखवल्या होत्या. तोवर तिथल्या नोकरीला 28 वर्षं झाली होती.

2024 मधलं पेन्सिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठाचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यानं बनावट गुणपत्रिका दिल्या, वडील हयात असताना त्यांचा मृत्यूचा दाखला दिला. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. मग त्यानंच टोपणनावानं इंटरनेटवर हे सगळं लिहिलं आणि त्यावरूनच माग लागला. गुन्हा कबूल करून तो भारतात परतला. कुणाला कळलं नव्हतं, तरी त्याला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

हे ऐकून मुलगी पहिल्यांदा बोलली. “मला स्वप्न पडतं. मुलाखतीत विचारतात, वाचनालयात पुस्तकं किती?”

मी विचारलं, शाळेनंतर तू खरंच काय करतेस? “काही नाही. छापखान्यात असते.” वडिलांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. नववीपासून प्रुफं ती तपासते, गिऱ्हाइकांचे हिशेब ठेवते. एका पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचं नाव चुकलं होतं, ते छपाईआधी तिनंच पकडलं होतं. कॉमन ॲपच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पाठवलेला अर्ज बदलता येत नव्हता. तिनं त्या कॉलेजला ईमेल लिहून चूक कळवली आणि ती ओळ मागे घेतली. आईचे हात थरथरत होते. मुलीनं मजकूर दोनदा वाचला, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवला. तिथून नकार आला. कारण त्यांनी दिलं नाही, आणि ईमेलमुळेच आला की काय, हे आईला आजही खुपतं. मी त्यांची समजूत काढू शकलेले नाही.

बाकीच्या कॉलेजांसाठी ती ओळ बदलता आली. वाचनालयाच्या जागी छापखाना आला. तास भरायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, “पंधरा लिही, लग्नसराईत होतातच की.”

तिनं हिशेबाची वही काढली, तारखा मोजल्या आणि म्हणाली, “नऊ.”