वडील गावाहून राहायला आलेत? सुरुवातीला एवढंच बघ

भावा, आई गेल्यावर अण्णांना राधानगरीकडून कोल्हापुरात आणलंस, बरं केलंस. पण पहिल्याच महिन्यात योगा, तपासण्या, ज्येष्ठ नागरिक संघ असं सगळं एकदम गळ्यात मारू नकोस.

आधी त्यांना घरात काम दे. खरं काम. बहुतेक जण इथंच चुकतात. "तुम्ही आता निवांत बसा" म्हणतात आणि जन्मभर राबलेला माणूस खुर्चीत बसून खचतो. कपिलतीर्थ मंडईतनं भाजी आणायचं काम त्यांचंच ठेव. वांगं किडकं निघालं तर सुनेनं, पोरांनी हसायचं नाही, आणि सुट्ट्या पैशाचा हिशेब तर अजिबात मागायचा नाही.

दुसरं, गावचा धागा तोडू नकोस. वय वाढलं की गोतावळा आटतो, पण जवळची चार माणसं जास्तच हवीशी वाटतात. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसेन यांनीही हेच मांडलंय. रंकाळ्यावर नव्या ओळखी होतील तेव्हा होतील. आधी जुन्या सोबत्याला फोन लावून दे, म्हाईच्या जत्रेला गावी ने.

आणखी टाळायच्या गोष्टी:
- त्यांच्यादेखत "अण्णांना आता आठवत नाही" असं पाहुण्यांना सांगणं.
- आईचा विषय निघाला की तो बदलणं. बोलू दे, रडू दे.
- जेवण-झोप दोन आठवडे बिघडली तरी "वयामुळं" म्हणून सोडून देणं. डॉक्टरांना दाखव.

आणि जमिनीच्या वाटणीचं एवढ्यात काढू नकोस.